तेलाची पट्टी

“पट्टी पुसायची, आत घालायची, मग काढून तेल बघायचं. रोज. अन् पुसलेल्या पट्टीला धुळीचा कण बी लागू द्यायचा न्हाई, शिवगंगा. इंजिनातली क्रँक तेलावर तरंगत असती. कण शिरला की गाडीचा मणकाच गेला समज.”

मन्मथला जाऊन अडीच वर्षं झाली, तरी नवऱ्याचं हे बोलणं शिवगंगेच्या कानात जसंच्या तसं होतं. आणि आज तीच गाडी युसूफ वडगावच्या फाट्यावर, आसारामच्या गॅरेजात, पोट उघडून उभी होती. शिवगंगा लेकीला शेजारी घेऊन पोत्यावर बसून आसारामच्या हातांवर नजर ठेवून होती. एक नटसुद्धा माझ्यामागं खोलायचा नाही, असं तिनं त्याला आल्याबरोबर बजावलं होतं.

तिला आसारामचाही भरवसा नव्हता. गाडी बंद पडायच्या आधीच, गाडीच्या खालून टकटक येते, क्रँकचा आवाज दिसतोय, वैनींना सांग, असा निरोप त्याच्याकडे ठेवणारा माणूस तिचा दीर सोमेश्वर होता. वाटेनं जाणाऱ्याला इंजिनाच्या पोटातलं दुखणं कळलंच कसं? त्यानंच ते घातलं असणार, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

कारणही तसंच होतं. मन्मथ गेला त्याच महिन्यात सोमेश्वरनं गाडी मागितली होती. बायामाणसांच्यानं गाडी निभत नसती, म्हणाला होता. शिवगंगेनं दिली नाही. लेक शिवांजली स्टिअरिंगवर बसली, केजच्या कॉलेजच्या सात पोरी रोज नेऊ-आणू लागली. घर त्यावर चाललं. तेल बघण्याचं काम आईकडं आलं आणि आईनं ते व्रतासारखं धरलं. पहाटे इष्टलिंगाची पूजा, कपाळाला भस्म, मग गाडीची सेवा, आणि त्यानंतरच पाण्याचा पहिला घोट. तापानं फणफणली होती, तेव्हाही यात खंड पडला नाही.

गेल्या सोमवारी ती पूजा आटोपून बाहेर आली, तर बॉनेट उघडं आणि सोमेश्वर आत वाकलेला. हात काळे. तेल बघत व्हतो, एवढंच बोलून तो निघून गेला. तिसऱ्या दिवशी गाडी केजच्या रस्त्यावर खडखडून बंद पडली.

त्याच संध्याकाळी ती दिराच्या दारात गेली होती. जाऊ प्रणितानं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो तिनं घेतला नाही. इंजिनात वाळू टाकलीत तुमी, आजपासून या घरचं पाणी मला वर्ज्य, असं तिनं हळू आवाजात, पण गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं.

सोमेश्वरनं आवाज चढवला नाही. “इंजिन उघडा, वैनी. वाळू निघाली तर मी गाव सोडतो. न्हाई निघाली तर?”

शिवगंगेनं गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला. “तर अनवाणी येईन, भावजी. अन् तुमच्या दारात पाणी मागून पिईन.”

आता आसारामनं तेलाचं चेंबर उतरवलं. फिल्टर चिखलानं गच्च भरला होता. बेरिंगची पाती खरवडली होती. शेवटी त्यानं क्रँक बाहेर काढून टेबलावर ठेवली आणि फडक्यानं पुसली. जिथं ती आरशासारखी असायला हवी, तिथं तिच्यावर आडव्या रेघा पडल्या होत्या.

“बघितलंस?” शिवगंगा लेकीला म्हणाली. “वाळू.”

आसारामनं चेंबरच्या तळाचा राखाडी गाळ तिच्या बोटावर ठेवला. “वाळू असती तर कचकच लागली असती, मावशी. हे पिठावाणी हाय. अन् एकदम कुणी टाकलेलं न्हाई. रोज चिमूट चिमूट गेलंय.”

रोज. सोमेश्वर रोज येत असेल? कोंबडं आरवायच्या आधी? की आसारामच खोटं बोलतोय, त्याला वाचवायला? तिनं गाळ चोळला. तो बोटाला ओळखीचा लागला, पण मन तिकडं जाईना.

तेल कोण बघतं, कसं बघतं, जरा दाखवा म्हणत आसारामनं पट्टी तिच्या हातात दिली. तिला ते लागलं. अडीच वर्षांत एक दिवस न चुकलेल्या बाईला हा विचारतो! ती उठली. तिनं जुन्या धडप्यानं पट्टी लख्ख पुसली. डोळे मिटले, ओठ हलले. उजवा हात आपसूक कमरेच्या बटव्यात गेला, भस्माची डबी उघडली, आणि रोज कपाळावर ओढायची तशाच तीन बोटांनी तिनं पट्टीवर तीन रेघा ओढल्या. मग पट्टी आत बुडवायला हात पुढं झाला आणि तिथंच थांबला.

समोर टेबलावर क्रँक होती. तिच्यावर तशाच आडव्या रेघा.

भस्माला तिनं कधी धूळ मानलंच नव्हतं.

 आसाराम उगीच पाना पुसत राहिला. शिवगंगेनं पट्टी धडप्यात गुंडाळून टेबलावर ठेवली. मग चपला काढल्या आणि पोत्याशेजारी नीट जोडून ठेवल्या. गॅरेजच्या दारात भरलेला माठ होता. त्याच्याकडं न बघता ती तापल्या डांबरावर उतरली आणि गावाकडं वळली.

“आई, एवढ्या उन्हात कुठं निघालीस?”

“तहान लागलीय,” ती म्हणाली.