आडवी मेंढरं

माझा बिरू ब्रह्मदेशाच्या लढाईतून हातपाय शाबूत घेऊन आल्ता. पर रोज दुपारी मेंढरं चारता चारता "आई, खाली!" म्हनून वरडायचा अन् मातीत पालथा पडायचा. आभाळात इमान सोडा, घारबी नसायची.

"ऊठ की रं," मी म्हनायची. "जवान गडी तू, अन् म्हातारीनं किती पळावं मेंढरांमागं?"

मंग मेंढरांनीबी तेच धरलं. तो पडला की समदा कळप पोटावर पडायचा, माना मातीला लावून. त्यांना काठीनं ढोसून ढोसून माझा खांदा गेला.

काल बिरू राजूरच्या बाजाराला गेल्ता. म्हनलं, आज तरी जिवाला ताप न्हाई. दुपारी केदारखेड्याच्या माळावर मेंढरं निवांत चरून राह्यली होती. एकदम समदी आडवी झाली.

"मुडद्यांनो, तो हितं न्हाईच की!" मी वरडले अन् काठी उगारली.

तवर माझंच तोंड मातीत होतं. कवा पडले, कळलं न्हाई. वारं बिलकुल नव्हतं, पर डोक्यावरून कायतरी सपकन गेल्यागत पाठीवरचा पदर फडफडला.

मी डोकं उचलाया गेले, तर कानाशी बिरूचा आवाज आला.

"आई, उठू नगं. अजून एक यायचंय."