बाबांच्या हातची वायरिंग

अपघातानंतर बंद केलेल्या यंत्राचा ब्रेकर भंगारात द्यायचा म्हणून मी उघडला. आतली वायरिंग बाबांच्या हातची. पुढच्या माणसाची सोय म्हणून प्रत्येक वायरीला ठेवलेला त्यांचा वळसा तसाच होता. याच यंत्रात सापडून काका गेले, तेव्हा त्यांचा तळवा थांबवायच्या लाल बटणावर होता. “उशिरा दाबलं त्यानं,” सगळे म्हणाले, बाबाही. बटणाकडून ब्रेकर पाडून यंत्र बंद करणाऱ्या कॉइलला जाणारी वायर मी ओढून पाहिली, हलेना. स्क्रू सोडवला. तो तांब्यावर नव्हताच, वायरीवरच्या प्लॅस्टिकमध्ये रुतून बसला होता. वीज कॉइलपर्यंत पोचलीच नव्हती. काकांनी बटण वेळेवर दाबलं होतं, आणि ते दाबतच राहिले होते. घरी बाबा दारातच उभे होते. “बटणाची वायर ओढून पाहिलीस?” खिशात वायरीचं तोडलेलं टोक मी मुठीत आवळलं. “पक्की होती, बाबा.”