अंगणातला बेल

हर्षितानं पान बोटांत चुरडलं, नाकाशी नेलं आणि तिचा चेहराच पडला. हा बेल नव्हता.

पानाला तीन दळं होती, फांदीला हे एवढाले काटे. कुणीही फसावं. पण देठाला दोन्ही बाजूंनी बारीक पंख होते आणि वास थेट संत्र्याच्या घराण्यातला. थंड मुलखातलं रानटी संत्रं हे, बर्फालाही न जुमानणारं. म्हणून तर गोड संत्र्याचं कलम याच्या खुंटावर बांधतात. वरचं कलम मेलं की खालचा खुंट असा मोकाट सुटतो.

आता आली का पंचाईत! मल्लेश्वरमच्या या घरात सून म्हणून येऊन तिला जेमतेम महिना झालेला. नवरा, श्रीवत्स, फाटकाशी टेप घेऊन उभा. त्याला गाडीसाठी जागा हवी होती आणि नेमकं हे झुडूप आडवं येत होतं. "बेलाला कुऱ्हाड लावायची नाही," एवढंच बोलून त्याच्या आईनं, शिवलीलाक्कांनी, त्याला वर्षानुवर्षं गप्प बसवलं होतं. शेवटी आज तो म्हणाला, "हर्षिता झाडांचंच शिकलीय. ती सांगेल ते खरं."

अक्का शेजारीच तबक घेऊन पानं खुडत होत्या. सोमवार होता ना. इतक्या सोमवारांची पूजा चुकली, हे या माउलीला कुठल्या तोंडानं सांगायचं? हर्षिताला रडूच यायला लागलं.

"अक्का, रागावू नका हं. हा बेल नाही. संत्र्याचा खुंट आहे."

अक्कांचा हात थांबला नाही.

"ठाऊक आहे गं," त्या हळूच म्हणाल्या. "ह्यांनी कूर्गहून आणलेलं संत्रं. हे गेले आणि त्याच वर्षी झाडही वाळलं. श्रीवत्सानं ते उपटायला माणूस बोलावला, तर बुडाशी हा कोंब. ह्यांच्या हातचं तेवढंच उरलेलं. म्हटलं, बेल उगवलाय, राहू दे."

"पण मग पूजा?"

"हर्षिता, काय निघालं गं?" श्रीवत्सानं फाटकातून हाक मारली. "बेलच आहे का?"

अक्कांनी तबक उचललं आणि त्या सुनेच्या कानाशी वाकल्या.

"महादेवाला मी पहिल्याच सोमवारी सगळं सांगून टाकलंय. तो अजून कुणाला बोललेला नाही. आता तू बघ बाई."