घसरगुंडी

पाहुण्या संघाचा बावीस नंबरचा गडी चेंडू छातीशी कवटाळून पळाला, यजमान कॉलेजच्या दोघा धिप्पाड गड्यांनी त्याला मधेच आडवा केला, आणि ओडेसा ब्रूसार्डने ट्रॉम्बोन ओठांना लावला.

ते तिचं कामच होतं. पाहुण्यांचा गडी आपटला की त्याची टर उडवायला कॉलेजच्या बँडमधले ट्रॉम्बोनवाले उभे राहत आणि नळी सरसर लांबवत सूर वरून पार खाली ओढत आणत. त्या सुराला सगळं गाव घसरगुंडी म्हणे. पहिली घसरगुंडी एकट्या म्होरक्याची, मागून बाकीच्यांची. यंदा म्होरकी ओडेसा होती. तिच्यासारखी घसरगुंडी कित्येक वर्षांत कुणी काढली नाही, असं बँडच्या मास्तरांपासून उकडलेल्या शेंगा विकणाऱ्यापर्यंत सगळे म्हणत.

आताही हजारो माना तिच्याकडे वळल्या. पुढच्या उंच चौथऱ्यावरून बँडला इशारे देणाऱ्या लव्हॉनने मात्र मूठ वर धरली होती. मूठ म्हणजे गप्प. पडलेला गडी उठत नसेल, मग तो कुणाचाही असो, तर वाजवायचं नाही. टोप्या काढून गुडघा टेकायचा. बँडमध्ये आलेल्या पोराला हे पहिल्याच दिवशी शिकवतात.

ओडेसाला मूठ दिसली. मुठीपलीकडे बावीस नंबरही दिसला. एक हात अंगाखाली अडकलेला, पाय जराही हलत नव्हते. पण छाती भरून श्वास घेऊन झाला होता आणि सगळं मैदान तिच्या तोंडाकडे पाहत होतं. तिने वाजवलं.

झकास वाजवलं. लोक पोट धरधरून हसले. मागून साथ आली नाही तेव्हा तिने वळून पाहिलं. अख्खा बँड गुडघ्यावर बसला होता. मग लोकांच्याही लक्षात आलं आणि हसणं एकेका रांगेतून विरत गेलं. मैदान इतकं गप्प झालं की पलीकडच्या पायऱ्या उतरत येणाऱ्या बाईच्या हाका इथवर ऐकू आल्या.

"रूबेन! अरे रूबेन!"

ओडेसानेही गुडघा टेकला, सगळ्यांच्या शेवटी. चेहरा लपवायला जागा नव्हती, कारण टोपी हातात धरायची होती.

रूबेनला मान पट्ट्यांनी बांधून गाडीत घालून नेलं. आई सोबत गेली. खेळ पुन्हा सुरू झाला.

"तुला कुठून दिसणार गं?" शेजारची इव्हेट म्हणाली. "समोर तो ढोलवाला उभा, डोंगरासारखा."

मास्तर गिलियम तरातरा चौथऱ्यापाशी गेले. "काय रे ए लव्हॉन, झोपला होतास का? मूठ वेळेवर वर नको जायला? त्या पोरीला उगाच तोंडघशी पाडलंस!"

लव्हॉन गोंधळला. क्षणभर आठवून पाहिल्यासारखा थांबला. मग मान खाली घालून म्हणाला, "चुकलं, सर."

ओडेसा चार हातांवर उभी होती. ती काही बोलली नाही. तिला स्वतःची किळस आली, आणि तरीही ती बोलली नाही.

खेळाच्या तिसऱ्या भागात बँडला खाण्यापिण्याची सुट्टी असते. तेव्हा पाहुण्यांचे ट्रॉम्बोनवाले यजमानांच्या ट्रॉम्बोनवाल्यांना भेटायला येतात, घरून काहीतरी गोड घेऊन. ओडेसाला वाटलं, आज कुणी येणार नाही. पण आले. पुढे त्यांचा म्होरक्या कॉर्डेल, हातात अक्रोडासारख्या पेकानच्या वड्यांचा डबा.

"घसरगुंडीवाली तूच ना?" तो म्हणाला. "घे. माझ्या मावशीने केल्यात. एकीवर थांबलीस तर तिला राग येईल."

तिने हात पुढे केला नाही.

"अगं, घे की! आमची पोरं तुझ्या नावाने खडे फोडत होती. मी म्हटलं, गप्प बसा रे. तिला दिसलं नसणार. दिसल्यावर कोण वाजवेल?"

मागे लव्हॉन एकटाच पाणी पीत बसला होता. एरवी त्याच्याभोवती घोळका असायचा.

"दिसलं होतं," ओडेसा म्हणाली.

"काय?"

"मूठ दिसली होती. तो पडलेलाही दिसला होता. लव्हॉनचं काही चुकलं नाही. सगळे बघत होते म्हणून मी वाजवलं."

इव्हेटचं खाणं थांबलं. लव्हॉनने बाटली खाली ठेवली. कॉर्डेल चिडेल, चार शिव्या हासडेल, असं ओडेसाला वाटलं. हासडाव्यात असंही वाटलं. तो चिडला नाही. नुसता पलीकडच्या पायऱ्यांवर रूबेनच्या आईच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला.

"रूबेनची आई गाडीत चढताना मला विचारत होती," तो हळू म्हणाला. "'ती मुलगी माझ्या लेकराला हसली का रे?' मी त्यांचा हात धरून सांगितलं, नाही, काकू, बँडवाले असं करत नाहीत. तेव्हा कुठे त्यांचं रडणं जरा थांबलं. खेळ संपला की मी दवाखान्यात जाणारय. आता काय सांगू त्यांना?"



कॉर्डेलने डब्याचं झाकण लावलं आणि तो निघाला. दोन पावलांवर थांबला, परत आला, झाकण उघडून एक वडी तिच्या बाकावर ठेवली. पाहुण्यांनी गोड द्यायचं, ही रीत होती. ती त्याने मोडली नाही.