मामांची ॲक्शन फिगर

मामांना स्वतःची ॲक्शन फिगर हवी होती, तीही कॉमिक्समधल्या लाडक्या सुपरहिरोच्या वेशात. अशा फिगर बनवू लागलेल्या भाचीची ही पहिलीच ऑर्डर. फसली तर आई तिचा रंग-ब्रशांचा सगळा पसारा माळ्यावर टाकणार होती. तिने दुकानातून त्या सुपरहिरोची तयार फिगर आणली आणि तिच्यावर पुट्टीने मामांचं टक्कल, पोट, गालफडं, सगळं जीव ओतून घडवलं.

"छे गं! केस जरा दाट कर."

"मामा, आहेत तेवढे केलेत की!"

"आणि हे पोट कुणाचं? आत घे. हनुवटी कशी, टोकदार हवी!"

आठवडाभर खरवडून तिची बोटं सोलली. शेवटी वैतागून तिने दुकानातून तशीच दुसरी फिगर आणली आणि ब्रशसुद्धा न लावता मामांपुढे ठेवली.



मामा हरखलेच. "आत्ता कुठे माझा चेहरा आला बघ!"