उशाशी बसणारा वैद्य

"वैद्यांना एक नवी शाखा हवी," पोहे खाताखाता बाबा म्हणाले. "हा वैद्य जखम बरी करत नाही, नुसता उशाशी बसतो. तो बसलाय तोवर पडलेला गडी बाद होत नाही. पण मी एक अट घातलीय. मेल केलंय, वाचलंस?"

"वाचलं. छान आहे," लॅपटॉपवरून नजर न काढता ऋजुता म्हणाली. तिच्याच कंपनीचा हा ऑनलाइन खेळ; वैद्य हे त्यातलं बाबांचं पात्र आणि शाखा म्हणजे पात्राला मिळणारं नवं कौशल्य. रुग्णालयातली तीस वर्षांची नोकरी संपल्यावर बाबा त्यात रमले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. घरात कोणी नव्हतं.

खेळाडू वारला, तर खेळातलं त्याचं पात्र त्याच्या सवयींवरून, त्याच्याच आवाजात, तेरा दिवस आपोआप खेळत राही. मग पुसलं जाई. तेराव्याची पंगत बसली तेव्हा ऋजुताने आतल्या खोलीत खेळ उघडून हेडफोन लावला. बाबांचं पात्र पुसलं जायला दहा मिनिटं उरली होती.

"बाबा, त्या दुपारी फार दुखत होतं का?"

"दुखतंय? काढा घे, जखम भरेल. शाखा वाचलीस का?"

"मला हाक मारली होती का तुम्ही?"

"शाखा वाचलीस का, ऋजू?"

चौथ्यांदा तेच आल्यावर तिने टेबलावर मूठ आपटली. "वाचली म्हटलं ना!"

"मग सांग बरं, अट काय?"

ते मेल उघडायचा धीर तिला अजून झाला नव्हता. पडद्यावर म्हातारा वैद्य उत्तराची वाट पाहत उभा होता.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "मी खोटं बोलले. मी ते वाचलंच नव्हतं."