भलत्या दारी गेलेली भजनं

"टपालाच्या थैल्या बांधण्यात जन्म गेला, कॉम्प्युटरला हात लावलात कशाला?" शकुंतलाबाई नवऱ्यावर, भालेरावांवर कडाडल्या. त्यांच्या भजनी मंडळाचं एकही रेकॉर्डिंग वाजेना. उघडलं की नोटपॅडमध्ये अगम्य अक्षरांचा चिखल. भालेरावांनी एक भजन चुकून नोटपॅडमध्ये उघडताना 'नेहमी यातच उघडा'वर टिचकी मारली होती.

"बाबा, काही करू नका. रविवारी येऊन सगळं पुसून फॉरमॅट करते," मुलीनं फोनवर बजावलं.

भालेरावांना ते पटेना. टपाल खात्यात तेहतीस वर्षं ते सॉर्टर होते, पत्ते वाचून गावोगावची पत्रं वेगळी लावणारे. पत्र भलत्या गावी गेलं म्हणून कोणी थैली जाळत नाही. पत्ता सुधारून पत्र पुन्हा मार्गी लावतात. भजनंही शाबूतच होती, भलत्या दारी जात होती एवढंच. त्यांनी चष्मा पुसला, एका भजनावर राइट क्लिक केलं, नोटपॅडऐवजी गाण्यांचा प्लेअर निवडला आणि 'नेहमी'वर पुन्हा टिचकी मारली. या वेळी जाणूनबुजून.

रविवारी मुलगी आली तर जिन्यापर्यंत टाळ ऐकू येत होते. "दुरुस्तीला कोणाला बोलावलंत?"

"बाहेरचा कशाला?" शकुंतलाबाईंनी मान ताठ केली. "आमच्या घरात टपाल खात्याचा सॉर्टर आहे!"